नाणे सापडले, पण कुठे?

प्राचीन भारताचा पाठ चालू असताना नाण्यांचा विषय निघाला की वर्गातून एक प्रश्न हटकून येतो. जमिनीत पुरलेले धन दाखवणारे यंत्र खरेच असते का? असते. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकसा भागातील कित्येक घरांतल्या मोठ्या माणसांनी ते पाहिलेलेही असेल. नक्षलवादी चळवळीच्या काळात रस्त्यात पुरलेले सुरुंग हुडकण्यासाठी पोलीस दलाचे जवान लांब दांड्याच्या टोकाला बसवलेली तबकडी जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत पुढे जात. तोच मेटल डिटेक्टर, म्हणजे धातुशोधक. इंग्लंड-अमेरिकेत हजारो हौशी लोक सुट्टीच्या दिवशी हेच यंत्र घेऊन शेतांतून हिंडतात आणि जुनी नाणी शोधतात.

यंत्राची जन्मकथाही नाण्यांशी संबंधित नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचा जनक ग्रॅहम बेल याने विजेवर चालणारे एक उपकरण घाईघाईने तयार केले. त्याचा उपयोग झाला नाही. खाटेतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असे सांगतात. पुढे गेरहार्ड फिशर या अभियंत्याला १९३७ साली अमेरिकेत हाताने वाहून नेता येईल अशा धातुशोधकाचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा अधिकारी योझेफ कोसात्स्की याने सुरुंग शोधण्यासाठी त्याचा सुधारित प्रकार तयार केला आणि १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. युद्ध संपल्यावर उरलेली यंत्रे बाजारात आली आणि हौशी लोकांच्या हाती पडली.

त्यामागचे तत्त्व दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे : फॅरडेचे विद्युतचुंबकीय प्रवर्तन. तबकडीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र जमिनीतल्या नाण्यातून गेले की नाण्यात गोल फिरणारे प्रवाह निर्माण होतात. त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. या प्रवाहांचे स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. तबकडीतले दुसरे वेटोळे ते पकडते आणि कानातल्या श्रवणयंत्रात आवाज उमटतो. भोवरा प्रवाह वर्गात दाखवायचे असतील तर ॲल्युमिनियमची हातभर लांब नळी आणि तिच्यात सैल बसणारे एक जोरकस चुंबक एवढे पुरे. नळी उभी धरून चुंबक आत सोडा. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरी ते रेंगाळत, जणू मधातून उतरल्यासारखे खाली येते. सोबत तेवढ्याच आकाराचा दगड सोडून पाहिला की फरक लगेच समजतो.

आता या यंत्राच्या मर्यादा पाहू. नाणे तबकडीपासून बरेच दूर असेल तर तबकडीचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. नाण्याकडून परत येणारे क्षेत्रही तसेच घटते. दोन्ही मिळून अंतराचा सहावा घात होतो. म्हणजे नाणे दुप्पट खोल गेले की परतीचा संकेत दोनाच्या सहाव्या घाताने, ६४ पटींनी, क्षीण होतो! म्हणूनच सुटे नाणे साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंतच सापडते. हंडाभर नाणी असतील तर ती अधिक खोल असूनही कळतात. धातू कोणता यानेही फरक पडतो. चांदी आणि तांबे विजेचे उत्तम वाहक, त्यांचा आवाज खणखणीत येतो. सातवाहनांची पुष्कळ नाणी मात्र पोटिन नावाच्या मिश्रधातूची आहेत. तांब्यात कथील आणि शिसे मिसळलेला हा धातू विजेचा सुमार वाहक आहे. पत्र्यासारखे पातळ सोन्याचे नाणेही यंत्राला चकवू शकते. ज्या जमिनीत लोहाचे क्षार जास्त, तिथे जमीनच बोलू लागते. लाल मुरमाच्या जमिनीत किंवा जुन्या लोहारकामाची धातुमळी विखुरलेल्या जागी अननुभवी माणूस दिवसभर नुसती मळीच खणत बसेल.

सांगायचे ते असे, की यंत्र फक्त ‘इथे धातू आहे’ एवढेच सांगते. पुढचा सगळा इतिहास नाणे कसे, कुठे, कशासोबत सापडले यावरून काढावा लागतो. हे नीट समजण्यासाठी महाराष्ट्रातलाच एक शोध पाहू. त्यात कोणतेही यंत्र नव्हते.

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांतली १३,२५० हून अधिक नाणी तपासली आणि त्यांचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नाणे आकाराने लहान, वजनाने सुमारे दोन ग्रॅम. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांत राजाचे नाव : क्षहरात घराण्याचा राजा नहपान. नाण्यावर तीन लिप्या आहेत यावरूनच या राज्याचा व्यापार कुठवर पसरला होता आणि राज्यकर्ते कुठून आले असावेत याचा अंदाज येतो. मुखवटे सगळे सारखे नाहीत. काही तरुण, काही म्हातारे, नाक-हनुवटीही निराळी. स्कॉट यांना वाटले की हे एकाच माणसाचे चेहरे नसावेत. घराण्यातल्या वेगवेगळ्या पुरुषांनी चेहरा स्वतःचा आणि नाव नहपानाचे वापरले असावे. मला स्वतःला हे थोडे ताणलेले वाटते. हजारो नाण्यांसाठी ठसे कोरणारे कारागीर अनेक असणार आणि प्रत्येकाने राजाला जवळून पाहिले असेलच असे नाही. पण स्कॉट यांचा तर्क चूक ठरवायचा तरी हजारो नाणी एकत्र समोर हवीत, आणि ती होती.

खरी गंमत पुढे आहे. या नाण्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर, दुसऱ्या राजाचा शिक्का पुन्हा मारलेला आहे. एका बाजूला तीन कमानींची टेकडी आणि राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह म्हणून ओळखली जाणारी क्रुसाच्या टोकांवरची चार वर्तुळे. नव्या शिक्क्याखालून जुन्या राजाचे नाक, कान, एखादे ग्रीक अक्षर डोकावत राहते. वितळवून नवे नाणे पाडायला वेळ आणि जळण लागते. आहे त्याच नाण्यावर घण मारणे स्वस्त आणि झटपट.

आता नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत चला. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तो नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला. आपल्या मुलाने क्षहरात वंश निःशेष केला असे ती अभिमानाने सांगते. आता आईने मुलाचे कौतुक करावे यात नवल ते काय? राजप्रशस्तीत शत्रू नेहमीच निःशेष होतात. परंतु त्याच लेण्यात गौतमीपुत्राचा स्वतःचा, १८ व्या राज्यवर्षातला एक आदेशही आहे. लढाईच्या विजयी छावणीतून दिलेला. त्यात उषवदाताकडे आजवर असलेले शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. आणि तिसरा साक्षीदार जोगलटेंभीचा हंडा : शत्रूचे चलनातले पैसे गोळा करून त्यांवर आपले नाव उमटवण्याइतका अधिकार गौतमीपुत्राकडे आला होता, हे नऊ हजार नाणी सांगतात. तिन्ही पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत आणि एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. विज्ञानात आपण यालाच पडताळा म्हणतो.

उरलेल्या सुमारे चार हजार नाण्यांवर दुसरा शिक्का का नाही? ती एवढ्या हाताळणीतून सुटली असतील. हंडा पुरला तेव्हा काम अर्धेच झाले असेल. किंवा जुने नाणेही बाजारात चालतच असेल. विद्यार्थ्यांना या तीन शक्यतांवर वाद घालू द्यावा. नक्की उत्तर मिळणार नाही, पण शिक्का मारलेल्या आणि न मारलेल्या नाण्यांची झीज सारखी आहे का, हे पाहावे लागेल एवढे त्यांना नक्की सुचेल.

या नाण्यांची किंमत काय होती, हेही पांडवलेण्यांतच सापडते. दहाव्या लेण्यात उषवदाताने दिलेल्या देणगीचा हिशेब कोरलेला आहे. त्याने ३,००० कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे वस्त्रासाठी द्यायची. गणित करून पाहा. २,००० वर दरमहा २०, म्हणजे वर्षाला २४०. आणि २० भिक्षू गुणिले १२ म्हणजेही २४०. हिशेब तंतोतंत जुळतो! सातवीच्या सरळव्याजाच्या उदाहरणांत रामूने श्यामूला कर्ज देण्याऐवजी हे उदाहरण का घालत नाहीत, हे मला कळलेले नाही. त्याच लेखात ७०,००० कार्षापणे म्हणजे २,००० सुवर्ण असाही उल्लेख येतो. म्हणजे एका सोन्याच्या नाण्याला ३५ चांदीची. नहपानाचे चांदीचे नाणे हेच कार्षापण धरले तर जोगलटेंभीच्या १३,२५० नाण्यांत सुमारे अकराशे भिक्षूंच्या वर्षभराच्या वस्त्रांची सोय झाली असती. एवढी रक्कम एका ठिकाणी कोणी पुरली, आणि तो माणूस परत का आला नाही? नाणी याबाबत गप्प आहेत.

काळाचा वाद अजून मिटलेला नाही. नहपानाच्या लेखांत ४१ पासून ४६ पर्यंतची वर्षे येतात. ती शक संवताची मानली तर ४६ अधिक ७८, म्हणजे इसवी सन १२४ हे शेवटचे वर्ष. ती त्याच्या स्वतःच्या राज्याची मानली तर तो बराच आधीचा, पहिल्या शतकातला ठरतो. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या सागरी प्रवासाच्या माहितीपत्रात भडोचच्या राजाचे जे नाव आहे ते नहपानाचेच असावे, असे मानणारे दुसऱ्या बाजूला झुकतात. वाद काहीही असो, दोघांपैकी कोण आधी आणि कोण नंतर हे आता कोणी बदलू शकत नाही. एका ठशावर दुसरा ठसा बसला आहे.

आता कल्पना करा की हीच १३ हजार नाणी कोणी रातोरात खणून दहा-दहा, वीस-वीस करून वेगवेगळ्या शहरांतल्या संग्राहकांना विकली असती. प्रत्येक नाणे तसेच राहिले असते, चांदीही तेवढीच. पण ‘दोन तृतीयांश’ हा आकडा नाहीसा झाला असता. सगळी नाणी एकाच वेळी, एकाच हंड्यात, नाशिकच्या परिसरात पुरली गेली ही माहिती कोणत्याही एका नाण्यात नसते.

विदर्भातही असे घडले आहे. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या आणि १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात असलेल्या मंगरुळपीर तालुक्यात तऱ्हाळा या गावी १९३९ साली सुमारे सोळाशे सातवाहन नाण्यांचा साठा मिळाला. सगळी पोटिनची, काळपट, बरीचशी फुटकी. सराफाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. नागपूरचे संस्कृत पंडित वासुदेव विष्णू मिराशी यांनी ती एकेक करून वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे पुढे आली. पुराणांतल्या राजांच्या याद्यांत ही नावे नाहीत. सातवाहनांची सत्ता पश्चिमेकडे ओसरल्यावरही विदर्भात त्यांच्या नावाने नाणी पाडणारे राजे होते, हे या फुटक्या तुकड्यांनी दाखवले.

त्याच १९३९ साली बस्तर संस्थानात, कोंडागावच्या बाजूला एडेंगा इथे, ३२ सोन्याची नाणी मिळाली. तीही मिराशींनीच प्रसिद्ध केली. २९ वराहराजाची, दोन अर्थपतीची, एक भवदत्ताची. सगळे नल वंशातले राजे. पातळ सोन्याच्या पत्र्यावर एकाच बाजूने ठसा उठवलेला, त्यात बसलेला नंदी आणि पेटीसारख्या डोक्याच्या अक्षरांत नाव. भवदत्ताचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर इथे सापडला आहे आणि त्यात नंदिवर्धनचा, म्हणजे रामटेकजवळच्या वाकाटकांच्या जुन्या राजधानीचा, उल्लेख येतो. बस्तरच्या नलांनी वाकाटकांच्या घरापर्यंत मजल मारली होती. नकाशा घ्या आणि कोंडागावपासून रामटेकपर्यंत पट्टीने रेघ ओढा. ती ढोबळमानाने अर्जुनी मोरगावच्या परिसरातून, म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जाते. सैन्ये आणि व्यापारी पट्टीने चालत नाहीत हे खरे. तरीही या पट्ट्यात नंदी असलेले एखादे पातळ नाणे नेमक्या जागेच्या नोंदीसह मिळाले, तर त्या वाटेचा एक टप्पा हाती येईल. जागेच्या नोंदीशिवाय मिळाले तर पाव तोळा सोनेही हाती येणार नाही.

गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता, आणि भंडाऱ्यातले पवनी हे वैनगंगेच्या काठचे मोठे प्राचीन नगर. १९६९-७० मध्ये तिथे शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी उत्खनन केले. पवनीहून खेड्यापाड्यांत जाणारा माणूस कनवटीला चार नाणी लावून निघाला असेल आणि एखादे वाटेत पडले असेल. अशी सुटी हरवलेली नाणी आणि मुद्दाम पुरलेला हंडा यांत फरक करायला हवा. हंड्यात माणूस चांगले, जड नाणे ठेवतो. वाटेत पडते ते हलके, रोजच्या व्यवहारातले. त्या काळी बाजारात खरोखर काय फिरत होते हे जाणायचे असेल तर हरवलेल्या नाण्यांचा उपयोग हंड्याहून जास्त.

पण धानाच्या मुलखात नाणे पडल्या जागी राहत नाही. बांधीत दर पावसाळ्यात चिखलणी होते आणि वरचा हातभर थर ढवळला जातो. तलाव-बोड्यांचा गाळ काढून शेतात टाकण्याची रीत जुनीच आहे, आणि २०१७ पासून राज्य सरकारच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तो यंत्रांनी उपसला जातो. गाळाबरोबर त्यातली खापरे, मणी, नाणी दुसऱ्याच शिवारात जाऊन पडतात. वर धातुशोधक घेऊन रात्री हिंडणाऱ्याची भर पडली तर उरलेसुरलेही जाते. तो खणतो फक्त आवाजापाशी. आजूबाजूची खापरे, राख, विटा उधळून टाकतो.

आपला कायदा काय म्हणतो? १८७८ चा भारतीय निधी कायदा. जमिनीत लपवलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले तर त्याचे स्वरूप, ठिकाण आणि तारीख जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायची. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मालक कोणी नाही असे ठरले तर, वेगळा करार नसल्यास, शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला एक. सरकारला तो ठेवा हवा असेल तर त्यातल्या धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश देऊन घेता येतो. इथेच मेख आहे. तऱ्हाळ्यासारख्या पोटिनच्या नाण्यांच्या धातूची किंमत ती काय? भंगाराच्या भावावर वीस टक्के! प्रामाणिकपणे कळवणाऱ्याच्या पदरी तहसीलच्या खेपा, आणि लपवणाऱ्याला दलालाकडून दहापट. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत आणि परवान्याशिवाय पुरावस्तूंचा धंदा करता येत नाही. संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणणे हाही गुन्हाच. कायदे आहेत, पण गावातल्या माणसाला खरे बोलणे परवडावे अशी तरतूद तोकडी आहे.

इंग्लंडने १९९६ च्या कायद्याने दुसरी वाट धरली. धातुशोधक वापरायला जागामालकाची परवानगी लागते, ठेवा कळवणे सक्तीचे आहे, पण मोबदला बाजारभावाने ठरतो आणि शोधणारा व जागामालक यांत वाटला जातो. किरकोळ वस्तूंची नोंद करणारी एक ऐच्छिक योजनाही १९९७ पासून चालू आहे. त्याआधी, १९९२ साली, हॉक्सने या गावी एका शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधताना त्याच्या मित्राला रोमन काळातली सुमारे पंधरा हजार नाणी सापडली. थोडे खणून तो थांबला आणि त्याने कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना लाकडी पेटी, तिच्यातले कप्पे, वस्तू कशा रचल्या होत्या हे सारे जागेवरच पाहता आले. हातोडीही मिळाली, ती संग्रहालयात आहे! त्या पद्धतीवर टीकाही होते, कारण मोबदल्याच्या आशेने शेतेच्या शेते पिंजून काढली जातात. आपल्याकडे यंत्रे सर्रास येण्याआधी नोंदीची व्यवस्था उभी राहावी, असे माझे मत आहे.

तोवर शाळेत एखाद्या मुलाने नाणे आणले तर करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. पहिली म्हणजे चिंच, राख, लिंबू लावून ते चकचकीत करू नये. तांब्यावरचा हिरवा थर आणि चांदीवरचा काळा थर धातूच्या क्षारांचा असतो. कित्येकदा अक्षरांचा उठाव त्या थरातच उरलेला असतो आणि घासल्यावर अक्षरासह निघून जातो. नाणे कोरड्या कागदात गुंडाळावे. शक्य तर वजन करावे, दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग त्या मुलाबरोबर जागेवर जावे. बांधीचा गट क्रमांक, जवळची बोडी, किती खोल, चिखलणीच्या थरात की खालच्या घट्ट मातीत, भोवती खापरे आहेत का, आणि बांधीत बाहेरचा गाळ टाकला असेल तर तो कोणत्या तलावाचा व कोणत्या वर्षी, हे लिहून घ्यावे. तारीख घालून त्याची एक प्रत तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि एक नागपूरच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. गाळ कुठून आला हे जेसीबीवाल्याला विचारावे लागते, आणि ते त्याच उन्हाळ्यात विचारावे. पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच तालुक्यात असतो.